चालून राह्यलं

एप्रिल लागला की यवतमाळात माणसाला तोंड राहत नाही. ज्याने त्याने दुपट्टा गुंडाळलेला, वरून गॉगल. सख्खा मामा समोरून गेला तरी हाक मारायची सोय नाही. आमचे सर म्हणायचे, हालचालीचं शास्त्र शिकायला म्हणूनच यवतमाळसारखं गाव नाही आणि उन्हाळ्यासारखा मोसम नाही. "तोंड झाकलं का माणूस खरा दिसते. तोंडानं खोटं बोलता येते बाप्पा, पायानं नाही बोलता येत." हे वाक्य ते दिवसातून चारदा ऐकवायचे. ते त्यांनी स्वतःच खोटं पाडलं, पण ती गोष्ट पुढे येईल.

मी तेव्हा नेरला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते, विषय भौतिकशास्त्र. कॉलेजच्या फलकावर सूचना लागली: सहा आठवड्यांचं उन्हाळी संशोधन प्रशिक्षण, आंतरविद्याशाखीय हालचाल-विज्ञान, ठिकाण यवतमाळ. नावाचा अर्थ मला कळला नव्हता, पण सहा आठवडे घराबाहेर राहायला मिळणार एवढं कळलं होतं. घरी सांगितलं तर बाबांचा घास हातातच राहिला.

"म्हणजे करतेत काय तिथं?"

"माणसं कशी चालतात ते शिकवतात."

बाबा आईकडे वळले. "ऐकलं काय वं? पोरगी चालाले शिकाले यवतमाळले जाऊन राह्यली. अवं, वर्षाची होती तवाच चालत होती तू!" त्या दिवसापासून आमच्या गल्लीत त्याचं नाव 'चालाचा कोर्स' पडलं, ते अजून तसंच आहे.

सरांची पहिली भेट फाटकातच झाली. मी बॅग घेऊन आत शिरले तर समोरच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून बसलेला एक किडकिडीत म्हातारा ओरडला, "थांब! परत जा. फाटकापासून पुन्हा चालत ये." मला वाटलं कोणी वॉचमन आहे. गेले, परत आले. "पुन्हा." पुन्हा गेले. डोक्यावर ऊन मी म्हणत होतं. तिसऱ्या फेरीला त्यांनी निकाल दिला, "लहान भावाले कडेवर घेऊन वाढली तू. उजवी कंबर सांगून राह्यली."

"सर, मी शेंडेफळ आहे."

"मग घागर."

"घरी नळ आहे, सर."

हातातला पत्र्याचा चष्म्याचा डबा मांडीवर दोनदा आपटून त्यांनी विचार केला. "मग पुढं वाहशील," म्हणाले, आणि विषय संपला. सहा आठवड्यांत आपलं चुकलं असं त्यांच्या तोंडून मी एकदाही ऐकलं नाही. त्यांचा अंदाज चुकला की चूक पायाची असायची.

साठी उलटून बरीच वर्षं झाली होती. आयुष्यभर कॉलेजात शरीरशास्त्र शिकवून निवृत्त झाले, आणि उन्हाळ्यातलं हे प्रशिक्षण तेवढं स्वतःकडे ठेवलं. सदरा कायम बाहेर, डावा हात कायम खिशात, उजव्या हातात तो पत्र्याचा डबा. डब्यात चष्मा कधीच नसायचा, तो नाकावर. डब्यात फुटाणे. तरुणपणी गावच्या भजनात ते खंजेरी वाजवायचे म्हणे, त्यामुळे चालता चालता डबा मांडीवर वाजत राहायचा, छक-छक, छक-छक. सर येताहेत हे आम्हाला दोन खोल्या आधीच कळायचं आणि मोबाइल खिशात जायचे.

आम्ही बारा जण होतो, तिघातिघांच्या तुकड्या. माझ्या तुकडीत वणीचा इरफान, कॉम्प्युटर शिकणारा. त्याचे अब्बू कोळशाचे ट्रक दुरुस्त करायचे. आणि नागपूरची प्राची, फिजिओथेरपीची. नागपूरची म्हणजे यवतमाळात आल्याचा आमच्यावर उपकार. 'आंतरविद्याशाखीय' म्हणजे काय हे सरांनी पहिल्याच तासाला सांगून टाकलं. "याले ट्रक समजते, इले हाड समजते, इले गणित समजते. तिघंही अर्धे अर्धे. मिळून दीड माणूस होते. एवढं पुरते."

सकाळी साडेसहाला हजेरी बसस्टँडवर. प्रत्येकाने एक माणूस निवडायचा, गुडघ्याच्या खालीच पाहायचं आणि दहा ओळी लिहायच्या. तोंड पाहायचं नाही, कपडे पाहायचे नाहीत. "तोंड पाह्यलं का आपण माणसाची जात, गाव, पगार पाहतो. चाल राहूनच जाते," हा सरांचा नियम. इरफान नियमाचा पक्का. दारव्ह्याच्या गाडीजवळ वही घेऊन उभा राहिला आणि उतरणाऱ्या एकेका बाईच्या पायांकडे टक लावून पाहू लागला. चौथ्या बाईच्या नवऱ्याने त्याची कॉलर धरली. आम्ही पोहोचेपर्यंत स्वारी पोलीस चौकीत.

"कायले पाहून राह्यला बे बायकाइच्या पायाकडं?"

"साहेब, कोर्स है."

"कायचा कोर्स?"

"चलने का."

हवालदाराचा हात वर गेला. तेवढ्यात छक-छक करत सर दारात आले. चौकीच्या उंबऱ्यावर क्षणभर थांबले, मला म्हणाले, "पहिले तू," मी आत गेले, मग ते आले. हवालदार दोन पावलं पुढे आला तेवढं पाहून त्यांनी विचारलं, "टाच सकाळी जास्त दुखते ना? पलंगावरून उतरल्याबरोबर?"

वर गेलेला हात तसाच खाली आला. हवालदाराने तिथेच बूट काढला. "सर, तीन महिने झाले हो. काय करा लागते?" सरांनी टाचेखाली बाटली ठेवून कशी फिरवायची ते दाखवलं. मग त्या बाईच्या नवऱ्याने इरफानची कॉलर सोडली आणि स्वतःचा घोटा पुढे केला. शेवटी इरफानला चहा मिळाला, वर पोलिसांनी सॉरीही म्हटलं. सरांचा एवढा एकच अंदाज बरोबर निघालेला मी पाहिला, पण नेमका वेळेवर निघाला.

त्यांच्या तऱ्हा सांगायला बसलं तर दिवस पुरायचा नाही. व्हरांड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ते रोज सकाळी खडूने आडव्या रेघा मारायचे, दीड-दीड फुटावर. विचारलं तर म्हणायचे, "माप हाये. पाऊल मोजाले." आणि आमच्या संस्थेतली झाडझूड करणारी मावशी रोज त्या रेघा फिनाइलने पुसायची. मग दुसऱ्या दिवशी सर कमरेत वाकून पुन्हा मारायचे आणि मावशीला बोल लावायचे.

"काहून पुसते वं? शास्त्र हाये थे!"

"तुमचं शास्त्र पायाले लागून हॉलमध्ये येते. मलेच पुसा लागते."

हे युद्ध आम्ही यायच्या आधीपासून चालू होतं आणि त्यात कोणीच माघार घेत नव्हतं.

दुसरी तऱ्हा दाराची. कुठलंही दार आलं की सर थांबायचे आणि सोबतच्याला म्हणायचे, "पहिले तू." आपण गेलो की चौकटीकडे पाहत, डबा वाजवत, तोंडातल्या तोंडात 'एक-दोन' म्हणत आत यायचे. प्राची म्हणायची, जुन्या लोकांची अदब असते. इरफानचं म्हणणं, कधीतरी कपाळमोक्ष झाला असणार. मी तर त्यांची नक्कलच करायचे. हॉस्टेलच्या दारात थांबून डावा हात खिशात घालून 'पहिले तू' म्हटलं की पोरी हसून लोळायच्या. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

तिसऱ्या आठवड्यात आम्हाला मुकुटबन या गावी नेलं. ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये कागदाची लांब पट्टी अंथरली होती. प्राची एकेका बाईच्या तळव्यांना गेरू लावायची आणि तिला कागदावरून चालवायची. पावलांचा दाब मोजणारी यंत्राची चटई होती आमच्याकडे, पण उन्हाने तिने मान टाकली होती. बायका हसत होत्या. "लक्ष्मीचे पाय काढून राह्यल्या काय वं पोरीहो? दिवाळी तं लांब हाये." इरफान बायकांच्या कमरेला नाड्याने हालचाल नोंदवणारा मोबाइल बांधायला निघाला होता, चौकी आठवली असावी, ते काम त्याने मुकाट्याने प्राचीकडे दिलं. माझ्याकडे फॉर्म होता. प्रश्न चौथा: चालताना काही त्रास होतो का?

मी प्रत्येकीला विचारलं. प्रत्येकीने एकच सांगितलं, "चालून राह्यलं." मी प्रत्येकीपुढे 'नाही'वर बरोबरची खूण केली. दुपारपर्यंत गठ्ठा तयार. मी मोठ्या ऐटीत तो सरांपुढे ठेवला.

सरांनी चार-पाच फॉर्म उलटले. "मुकुटबनात एकाही बाईचा गुडघा दुखत नाही? हे गाव हाये का वैकुंठ?"

"सर, त्यांनीच सांगितलं."

"काय सांगतलं? त्याइचा शब्द सांग."

"चालून राह्यलं."

सरांनी फॉर्मनेच तोंड झाकून घेतलं. थोड्या वेळाने फॉर्म खाली आला. "तू कोण्या गावची?"

"नेरची."

"नेरात तुझ्या बापाले कोणी विचारलं, काय कसं काय, तं काय म्हणते?"

"चालून राह्यलं."

"आन तापानं फणफणला असला तं?"

मला गेल्या वर्षीचे बाबा आठवले. मलेरियाने दात वाजत होते, दोन चादरी अंगावर, आणि शेजारच्या काकांनी खिडकीतून विचारलं तर चादरीच्या आतून आवाज आला होता, 'चालून राह्यलं!' माझं तोंड एवढंसं झालं.

"अवं, आपल्याकडं चालून राह्यलं हे उत्तर नोहे. थो रामराम हाये. त्याइनं रामराम केला आन तू फॉर्म भरून मोकळी झाली. पुण्याच्या पोरीनं हे केलं असतं तं मी चूप बसलो असतो. तू नेरची असून? हातात फॉर्म आला का माय-बापाची बोली विसरतो काय आपण?"

मला भयंकर राग आला, आणि राग यायचं कारण म्हणजे ते खरं होतं. भर उन्हात त्यांनी मला परत नेलं. कमलाबाई म्हणून एक म्हातारी निंबाच्या सावलीत बकरी धरून बसली होती. सकाळी तिच्यापुढेही मी 'नाही' केलं होतं. सर तिच्यासमोर उभे राहिले.

"बाई, चालून राह्यलं थे समजलं. आता गुडघा काय म्हणते?"

कमलाबाईने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग बकरीकडे. आणि जी सुरू झाली! डावा गुडघा, रात्री लागणारा ठणका, उकिडवं बसता येत नाही म्हणून पालथ्या टोपल्यावर बसणं, उतार टाळायला सगळ्या गावाला वळसा घालून पाण्याला जाणं, बकरी तेवढी समजूतदार, सून त्याहून कमी. मी वहीची चार पानं भरली.

"सुनेले सांगतलं का?" सरांनी विचारलं.

"कायले सांगू? सांगतलं का घरी बसवते. आन घरी बसवलं का बाई संपली."

इतका वेळ वाजणारा सरांचा डबा थांबला. मग त्यांनी तो उघडून सगळे फुटाणे कमलाबाईच्या ओंजळीत ओतले आणि मला म्हणाले, "हे शेवटचं लिहू नको." परतताना गाडीत त्यांनी नियम घालून दिला. "चालून राह्यलं म्हटलं का दुसऱ्यांदा विचाराचं. आन दुसऱ्यांदा विचारलं का आपण गप बसाचं." मी रुसलेली होते, खिडकीबाहेर पाहत ऐकलं.

चौथ्या आठवड्यात आम्ही संस्थेत घेतलेले चालीचे नमुने तपासायला बसलो. कमरेचा एक आणि डाव्या मनगटाचा एक अशा दोन मोबाइलांतून नागमोडी रेघा निघायच्या, त्या वाचणं माझं काम. प्रत्येक माणूस दोनदा चालवलेला: एकदा व्हरांड्यात, एकदा हॉलमध्ये. नावं नाहीत, फक्त नंबर. सगळ्यांच्या दोन्ही चाली सारख्या यायच्या, आणि सतरा नंबरपाशी गाडी अडली. व्हरांड्यातला सतरा नंबर सरळ, एका तालात चालत होता. हॉलमधला सतरा नंबर बारीक-बारीक पावलं टाकायचा, वळायच्या आधी थिजायचा, आणि त्याचा डावा हात हलतच नव्हता.

"फाइलींचा गोंधळ केलास तू," मी इरफानला म्हटलं.

"अम्मीकसम, नाही. सर म्हणे रविवारी एकजण येऊन गेला, आपल्याले सुट्टी होती तवा. एकच आदमी है."

"एकच माणूस असा दोन प्रकारे कसा चालेल?"

"काहून नाही? ट्रक पाहिला ना कधी? एका रस्त्यावर मक्खन चालते, दुसऱ्यावर लागला का बंद पडते. रस्त्यात काहीतरी फरक अस्सन."

प्राचीने पुस्तक काढलं. तासाभरात आमचं ठरलं की सतरा नंबरला कंपवात, म्हणजे पार्किन्सन आहे. मी तर हवेत होते. आयुष्यातला पहिला शोध! फॉर्मची नामुष्की आता धुऊन निघणार होती. संध्याकाळी बाकीचे मेसला गेले, आणि मी छाती काढून सरांच्या खोलीत गेले.

"सर, सतरा नंबरला दवाखान्यात पाठवा लागते."

"काहून?"

मी दहा मिनिटं भाषण दिलं. पावलाची लांबी, थांबणं, डावा हात. सर शांतपणे ऐकत होते. "आन व्हरांड्यात कसा काय चालते मग?"

"ते नाही समजलं."

"अर्धा शोध लावला," ते म्हणाले. "पण चांगला लावला. लिहून टाक. चाल आता, मेस बंद होईल." ते खुर्चीतून उठले, दारापर्यंत आले आणि थांबले. "पहिले तू."

मी बाहेर पडले. मावशी नुकतीच फिनाइल मारून गेली होती. व्हरांडा लख्ख, एक रेघ नाही. चार पावलं गेल्यावर माझ्या लक्षात आलं की मागून छक-छक येत नाही. वळून पाहिलं. डबा आत टेबलावर राहिला होता. सर चौकटीत उभे होते, खाली ओल्या फरशीकडे पाहत, आणि त्यांची टाच उचलल्यासारखी व्हायची नि पुन्हा टेकायची. डावा हात खिशात.

रेघा. डबा. पहिले तू. मला एकदम सगळं कळलं. चार आठवडे पाय पाहायला शिकत होतो आणि रोज डोळ्यांसमोरचे पाय आम्ही पाहिलेच नव्हते. प्राची तर त्यातलंच शिकत होती, पण सर बोलायला लागले की आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडेच पाहायचो. बोलणंच तसं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

म्हटलं, "सर, कसं काय?"

"चालून राह्यलं," ते फरशीकडे पाहतच म्हणाले.

तरी विचारलं. "चालून राह्यलं ते समजलं, सर. डावा पाय काय म्हणतो?"

आणि मी गप्प बसले. नियमच होता.

मग ते म्हणाले, "म्हणते, मी नाही येत. तू हो पुढं." आणि स्वतःच हसले. "दोन वर्षं झाले. गोळ्या चालू हायेत. रेघ दिसली का पाय उचलते, ताल ऐकला का उचलते. दारात आलं का मात्र जमिनीले चिकटते. रविवारी मीच मोबाइल बांधून चाललो. म्हटलं, पाहू, या दीड माणसाले सापडतो का."

"सापडलात ना."

"सापडलो. आता कोणाले सांगू नको बाप्पा. पुढच्या आठवड्यात वरून पाहुणे येऊन राह्यले. हे प्रशिक्षण ठेवाचं का बंद कराचं, त्याइच्या हातात हाये. चालाच्या कोर्सचा मास्तरच चालत नाही म्हटलं तं सारं यवतमाळ हसंल. अन् मले घरी बसवतील. घरी बसवलं का..." पुढचं वाक्य त्यांनी सोडून दिलं. मुकुटबनच्या निंबाखाली ते वाक्य मी ऐकलेलं होतं.

मी आत जाऊन डबा आणला आणि दारावर वाजवला. छक-छक, छक-छक. सरांचं पाऊल उचललं. "ताल चुकून राह्यला," चौकट ओलांडता ओलांडता त्यांनी मला सुनावलं.

सतरा नंबर पाहुण्यांपुढच्या सादरीकरणातून काढून टाकते म्हटलं तर उखडले. "काहून काढते? नंबर हाये, नाव नाही. सत्य लपवाचं नाही, मालक लपवाचा."

पाहुण्यांच्या दिवशी सकाळी सातला मी व्हरांड्यात पोहोचले आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. संस्थेच्या प्राचार्यांनी कुठल्याशा मंगल कार्यालयातून लाल जाजम आणून या टोकापासून त्या टोकापर्यंत अंथरलं होतं. रेघा मारायला जागाच नाही. मावशी कडेला कंबरेवर हात ठेवून उभी.

"मावशी, हे जाजम काढा ना."

"मी काढलं तं माही नोकरी काढतील." मग हळू आवाजात म्हणाली, "त्याले रेघा लागते, माहीत हाये मले."

"तुम्हाला कसं कळलं, मावशी?"

"मले काय डोळे नाहीत? झाडू मारणाऱ्या बाईले माणसाचे पायच तं दिसते. तुमच्या मशिनीच्या आधी समजलं मले."

"मग रोज पुसत कशाला होतात?"

"डॉक्टरनं त्याले व्यायाम सांगतला. करते का थो? नाही करत. रेघा पुसल्या का सकाळी शंभरदा वाकते, शंभरदा उठते. म्हणून पुसून राह्यली मी." असं म्हणून तिने बादली उचलली आणि निघून गेली. सगळ्या संस्थेत हालचालीचं शास्त्र एकाच माणसाला येत होतं आणि ती प्रमाणपत्राच्या यादीत नव्हती.

पाहुणे हॉलमध्ये बसले. मुंबईचे एक साहेब, पुण्याच्या एक मॅडम, मधे प्राचार्य. छक-छक करत सर जाजमावरून दारापर्यंत आले. इथवर ठीक होतं. पण दारातच प्राचार्यांच्या माणसाने त्यांच्या उजव्या हातात शाल, श्रीफळ आणि पुष्पगुच्छ कोंबला आणि हातातला डबा काढून घेतला. सत्कार त्यांच्याच हस्ते होता. डावा हात खिशात, उजवा भरलेला. ताल गेला.

सर चौकटीत उभे राहिले.

"या, या सर," प्राचार्य म्हणाले.

"पहिले तुम्ही," सर म्हणाले. पण तो माणूस डबा घेऊन आत सटकला होता, सोबत कोणी नव्हतंच. प्राचार्यांच्या कपाळावर आठी आली. मुंबईच्या साहेबांनी घड्याळ पाहिलं. सरांची टाच उचलल्यासारखी झाली आणि टेकली. मी पहिल्या रांगेत बसले होते. सरांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी त्यांना इतकं घाबरलेलं कधीच पाहिलं नव्हतं.

मी उभी राहिले आणि टाळ्या वाजवायला लागले. छक-छक, छक-छक, खंजेरीचा ठेका. इरफानने माझ्याकडे पाहिलं, मग दारातल्या पायांकडे पाहिलं, आणि त्याच्या डोळ्यांत सतरा नंबर उमटलेला मला स्पष्ट दिसला. तो उठला. प्राची उठली. मग बाराही जण. मागच्या दारातून मावशीने चहाचा ट्रे चमच्याने वाजवायला सुरुवात केली. पाहुण्यांना वाटलं, ही इकडची स्वागताची पद्धत असेल. साहेबही उठून ठेका धरू लागले. शेवटी प्राचार्यांनीही टाळ्या सुरू केल्या, पण त्यांचा ताल असा काही भलता की सरांचं उचललेलं पाऊल हवेतच राहिलं. मावशीने ट्रेच्या आडून एवढ्या जोरात "साहेब, चहा!" म्हटलं की ते दचकून थांबले.

"एक-दोन," सरांचे ओठ हलले. पाऊल पडलं. दुसरं पडलं. टाळ्यांवर पाय टाकत ते थेट साहेबांपर्यंत गेले आणि त्यांच्या खांद्यावर शाल घातली. माझे डोळे भरून आले होते आणि हात दुखत होते, पण मी टाळ्या थांबवल्या नाहीत.

सादरीकरणात सतरा नंबरची पाळी आली तेव्हा पुण्याच्या मॅडमनी विचारलं, "हे गृहस्थ आता कुठे आहेत?" माझी शुद्ध भाषा पार उडाली. "थे काम करून राह्यले, मॅडम," म्हटलं. मागे सर खोकले.

शेवटी साहेबांनी फॉर्म काढला. त्यांच्याकडेही फॉर्म होता! पेन सरसावून विचारलं, "सर, एकूण प्रशिक्षण कसं चाललंय? काही अडचणी?"

"चालून राह्यलं," सर म्हणाले.

"वा," म्हणत साहेबांनी 'नाहीत'वर बरोबरची खूण केली आणि फॉर्म घडी घालून ठेवला. सर माझ्या कानाशी वाकले.

"दुसऱ्यांदा विचारलं नाही. नापास."

प्रशिक्षण बंद झालं नाही. पाहुण्यांच्या अहवालात तालबद्ध स्थानिक स्वागताचं खास कौतुक होतं, आणि प्राचार्यांनी ते स्वतःच्या कल्पनेत जमा करून घेतलं. पुढची तीन वर्षं सर शिकवत राहिले. नंतर गोळ्यांनी दाद दिली नाही आणि आता ते घरीच असतात. मावशी आठवड्यातून एकदा जाऊन त्यांच्या अंगणात चुन्याच्या रेघा मारून येते, आणि पुढच्या खेपेला पुसून पुन्हा त्यांच्याकडून मारून घेते. मी अमरावतीला कृत्रिम पाय बसवायच्या केंद्रात काम करते. येणाऱ्या माणसाचं तोंड मी उशिरा पाहते.

दर रविवारी त्यांना फोन करते. आवाज बारीक झालाय, पण अंदाज चुकायची सवय तशीच आहे. गेल्या रविवारी घाई होती, केंद्रात माणसं थांबलेली.

"कसं काय सर?"

"चालून राह्यलं."

"बरं सर, ठेवते मग."

पलीकडून छक-छक असा बारीक आवाज आला आणि तो थांबला.

"काहून वं," ते म्हणाले, "आज दुसऱ्यांदा नाही विचारत?"

मी खुर्ची ओढली, बसले आणि दुसऱ्यांदा विचारलं. मग गप्प बसले.